दहशतवादाची व्याख्या : एक न झालेला करार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला राष्ट्रांराष्ट्रांतील वाटाघाटींवर बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीतली मंडळी मनमुराद हसली. त्यांचेही चुकले नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. जिनीव्हा आणि न्यूयॉर्क आम्ही नकाशातच पाहिली. परंतु करार कसा होतो आणि कसा फिसकटतो, हे मात्र आम्ही तीस वर्षे पाहात आलो आहोत. वाटाघाटी रकमेवर मोडतात असा लोकांचा समज असतो. रकमेवर मोडलेल्या वाटाघाटी पंधरा दिवसांनी पुन्हा जुळतात. शब्दावर मोडलेल्या जुळत नाहीत. म्हणून आज आम्ही असा एक करार बोलण्यासाठी घेतला आहे की, ज्याच्यावर जगातल्या राष्ट्रांनी आमचे सारे आयुष्य सरेल इतकी वर्षे खर्च केली आणि जो एका शब्दावर अडून बसला आहे. तो शब्द म्हणजे दहशतवाद.

आपण म्हणाल, यात अवघड ते काय? बाजारात बाँब ठेवणारा दहशतवादी, हे शाळकरी पोरालाही कळते. कळते खरेच. मुंबईने १२ मार्च १९९३ रोजी ते पाहिले. २५७ माणसे त्या दुपारी गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहात बसलेली, वळकट्या-ट्रंका घेतलेली पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांच्या नातेवाइकांना व्याख्या विचारायला जाऊ नये. पण कायदा नुसत्या कळण्यावर चालत नाही, लिहिण्यावर चालतो. आणि लिहायला बसले की पहिल्याच ओळीला प्रश्न उभा राहतो : कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे?

पहिल्यांदा हे लिहायला राष्ट्रे बसली ती एका राजाच्या खुनामुळे. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरला. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू त्याच्या मोटारीत होते. गर्दीतून एक इसम पुढे आला, मोटारीच्या पायरीवर चढला आणि त्याने राजावर गोळ्या झाडल्या. राजा मेला, बार्थूही मेले. पुढे पुष्कळ वर्षांनी उघड झाले की, बार्थूंना लागलेली गोळी मारेकऱ्याची नव्हती, गोंधळात पोलिसांनीच झाडलेली होती. मारेकरी बल्गेरियन होता, कटामागे क्रोएशियाच्या उस्ताशी संघटनेचे लोक होते, आणि त्यांचा पुढारी आंते पावेलिच हा इटलीत होता. फ्रान्सने त्याला मागितले. तुरिनच्या न्यायालयाने उत्तर दिले की हा राजकीय गुन्हा आहे, आणि राजकीय गुन्हेगार परत करायचे नाहीत असे आमच्या-तुमच्या तहातच लिहिलेले आहे. झाले! एका देशाच्या दृष्टीने खुनी, दुसऱ्याच्या दृष्टीने राजकीय पाहुणा.

त्या पावेलिचचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १९४१ साली हिटलर-मुसोलिनींच्या आश्रयाने तो क्रोएशियाचा सत्ताधीश झाला, आणि त्याच्या राजवटीने लाखो सर्ब, ज्यू व जिप्सी माणसे मारली. एका राजाच्या खुनासाठी त्याला आरोपी म्हणता येत होते, पण लाखोंच्या कत्तलीच्या वेळी तो 'राज्य' होता. हा मुद्दा लक्षात असू द्या, तो पुढे पुन्हा येणार आहे.

फ्रान्सच्या आग्रहावरून त्या वेळच्या राष्ट्रसंघाने हे काम हाती घेतले आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये जिनीव्हाला करार तयार झाला. त्यातली व्याख्या थोडक्यात अशी होती : राज्याविरुद्ध केलेली, आणि काही व्यक्तींच्या, गटांच्या किंवा जनतेच्या मनात दहशत बसविण्याच्या हेतूने केलेली गुन्हेगारी कृत्ये. आमच्यासारख्या मसुदे वाचणाऱ्या माणसाची नजर इथे कशावर जाईल? 'दहशत' या शब्दावर नव्हे; 'राज्याविरुद्ध' या शब्दावर. राज्याने प्रजेवर बसविलेली दहशत या वाक्यात मावतच नाही. शिवाय दहशत म्हणजे काय, हे सांगताना पुन्हा दहशतच वापरली आहे. आमच्या एका जुन्या कारखान्याच्या नियमांत 'गैरवर्तन म्हणजे व्यवस्थापनास गैर वाटेल असे वर्तन' असे लिहिले होते, त्याचीच ही थोरली बहीण.

या करारावर चोवीस राष्ट्रांनी सह्या केल्या. पण सही वेगळी आणि मान्यता वेगळी. आमच्याकडेही पुढारी सही करतो आणि मग सभेत कामगारांनी हात वर करावे लागतात. त्या चोवीसांपैकी किती राष्ट्रांनी घरी जाऊन हात वर केले असतील? एकाने. फक्त एकाने. आणि ते राष्ट्र कोणते, हे वाचनालयात प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. ते राष्ट्र हिंदुस्थान. १ जानेवारी १९४१.

हिंदुस्थान म्हणजे अर्थात हिंदुस्थानचे ब्रिटिश सरकार. खुद्द ब्रिटनने त्या करारावर सहीसुद्धा केली नव्हती. घरच्या कायद्यात बसत नाही म्हणून धन्याने जे औषध स्वतः घेतले नाही, ते त्याने नोकराच्या घशात ओतले. कारण शोधायला फार लांब जायला नको. बंगालमध्ये १९३२ सालीच 'दहशतवादी अत्याचार' दडपण्याचा कायदा झाला होता. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद दहशतवादी म्हणून होत होती, त्यांना आपल्या घरांत क्रांतिकारक म्हणत आणि त्यांच्या तसबिरी लावत. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकले, तेव्हा त्या सभागृहापुढे कोणती दोन बिले होती? एक सार्वजनिक सुरक्षिततेचे, आणि दुसरे औद्योगिक तंट्यांचे, म्हणजे आमच्या संपांना वेसण घालणारे. त्याच्या एकोणीसच दिवस आधी, २० मार्चला, मीरतच्या खटल्यासाठी देशभर धरपकड झाली होती, आणि त्यात डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही मुंबईच्या कामगार चळवळीतली माणसे होती. त्यांनी बाँब टाकला नव्हता, संप केला होता. आरोप मात्र बादशहाचे सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा! १ जानेवारी १९४१ नंतर पंधरवड्याच्या सुमारास सुभाषबाबू कलकत्त्याच्या घरातून पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निघून गेले. हा योगायोग आहे, आम्ही त्यावर काही रचीत नाही. परंतु तो करार पुरेशा राष्ट्रांनी मानला असता, तर परदेशात आसरा घेतलेल्या आमच्या किती माणसांना त्याच्या जोरावर परत मागितले गेले असते, याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही. करार अमलात आला नाही. महायुद्धात राष्ट्रसंघच बुडाला.

यामुळेच, स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेच्या राष्ट्रांना या शब्दाचा जो संशय आला, तो नुसता हटवादीपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या पुढाऱ्यांना कालपर्यंत हा शब्द चिकटविला जात होता, ते तो सहजासहजी सही करून कसा घेतील?

५ सप्टेंबर १९७२ रोजी म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी इस्राएलच्या खेळाडूंना ओलीस धरले, आणि अकरा खेळाडू व शिक्षक मारले गेले. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी हा विषय आमसभेपुढे ठेवला. आता वाटाघाटींची गंमत पाहा. विषयाचे मूळ नाव साधे होते, दहशतवादाला आळा घालण्याचे उपाय. काही राष्ट्रे म्हणाली, उपाय म्हणता तर कारणेही म्हणा. म्हणून कारणे आली. मग कसली कारणे, तर दैन्य, वैफल्य, गाऱ्हाणी आणि निराशा. त्यापोटी काही माणसे स्वतःच्या प्राणांसकट इतरांचे प्राण घ्यायला तयार होतात, हेही आले. होता होता तो मथळाच एवढा लांबला की, एका दमात वाचणाऱ्याला बक्षीस द्यावे. आम्ही या मथळ्याला हसत नाही. दोन पक्षांना एकमेकांचे शब्द खोडता येत नाहीत, तेव्हा ते शेजारी शेजारी लिहून ठेवतात. असे करार आम्हीही केले आहेत. ते वाचायला लांब आणि वापरायला आखूड असतात.

१८ डिसेंबर १९७२ रोजी ठराव झाला, ७६ विरुद्ध ३५, आणि १७ तटस्थ. पस्तीस राष्ट्रांची समिती नेमली गेली. समितीने तीन पोटसमित्या केल्या : एक व्याख्येसाठी, एक कारणांसाठी, एक उपायांसाठी. व्याख्येवर एकमत झाले नाही. पाश्चात्त्य राष्ट्रांचे म्हणणे, कारण काहीही असो, निरपराध माणसाला मारणे हा गुन्हा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, वसाहतवाद आणि वर्णद्वेष यांनी रोज जी माणसे मरतात ती कोणत्या खात्यात घालता? दोन्ही म्हणणी खरी होती. आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्याचे खरे म्हणणे ही पळवाट वाटत होती.

या वादात उदाहरणांना तोटा नाही. १९४६ च्या जुलैत जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात इर्गुन संघटनेने स्फोट केला, ९१ माणसे मेली. त्या संघटनेचे प्रमुख मेनाहेम बेगिन १९७७ साली इस्राएलचे पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे अर्धे मानकरी. नेल्सन मंडेलांनी १९६१ साली सशस्त्र संघटना उभारली, सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली, १९९४ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्यांच्या पक्षाचे नाव अमेरिकेच्या दप्तरातून निघायला २००८ साल उजाडले. मात्र या दोन उदाहरणांवरून 'आजचा दहशतवादी तो उद्याचा राष्ट्रपिता' असे जे सरसकट बोलले जाते ते आम्हांला पटत नाही. पावेलिचही सत्ताधीश झाला होता. गादी मिळाली म्हणून मागचे कृत्य धुतले जात नाही, आणि गादी न मिळाली म्हणून ते काळे ठरत नाही. कृत्य काय होते, कोणावर होते, ते पाहावे लागते.

आणि नेमके तेच मुत्सद्द्यांनी दुसऱ्या बाजूने केले. मोठा दरवाजा उघडेना, तेव्हा त्यांनी खिडक्या काढल्या. दहशतवाद हा शब्दच बाजूला ठेवायचा आणि एकेका कृत्याचे नाव घ्यायचे. १९७० साली हेग येथे विमान पळविण्याविरुद्ध करार झाला. त्यात दहशतवाद हा शब्द औषधालाही नाही. विमान कोणी पळविले, का पळविले, याची चौकशी नाही. ज्याने बळजबरीने विमान ताब्यात घेतले त्याला एक तर मागणाऱ्या देशाच्या स्वाधीन करा, नाही तर आपल्या देशात खटल्यासाठी उभा करा. पुढे वकिलातीतल्या माणसांवरील हल्ले, ओलीस धरणे, बाँबस्फोट, पैसा पुरविणे, अशा एकेका कृत्यावर करार होत गेले. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून निघालेले 'गंगा' विमान लाहोरला नेले गेले आणि तिथे जाळले गेले, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

यांतला ओलिसांचा १९७९ चा करार आम्हांला सर्वांत आवडतो, कारण त्यात एक गाठ फार सुरेख सोडविली आहे. मुक्तिलढ्यांना वगळा, असा काही राष्ट्रांचा आग्रह होता. वगळले असते तर मुक्तीच्या नावाने कोणालाही ओलीस धरता आले असते. मग असे लिहिले गेले की, युद्धाच्या कायद्याखाली येणाऱ्या लढ्यात ओलीस धरले गेले आणि त्या कायद्याने गुन्हेगाराला खटला भरायचा किंवा स्वाधीन करायचे हे बंधन असेल, तर हा करार लागू नाही. आता युद्धाचा कायदा काय सांगतो? ओलीस धरू नका, हेच. म्हणजे या दाराने बाहेर पडलेला माणूस त्या दाराने आत येतो. मुक्तिलढ्याचा मान राहिला आणि ओलिसाचा जीवही कायद्याच्या छत्राखाली राहिला. दोन्ही पक्षांनी घरी जाऊन 'आमचे झाले' म्हणून सांगितले असेल. ज्याने हे कलम सुचविले त्याला आमच्या युनियनमध्ये आम्ही आनंदाने घेतले असते.

मग एवढ्या खिडक्या असताना दरवाजा कशाला, असे कोणी विचारील. कारण नवी कृत्ये निघत राहतात आणि प्रत्येकासाठी दहा वर्षे थांबता येत नाही. हे जाणून भारताने १९९६ साली सर्वंकष कराराचा मसुदा संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवला, आणि २००० साली तो सुधारून पुन्हा दिला. १९४१ साली परक्यांच्या हातून झालेल्या मान्यतेनंतर आपल्या देशाने स्वतःच्या बुद्धीने टाकलेले हे पाऊल. मसुदा वाईट नव्हता. पुष्कळशी कलमे मार्गी लागली. अडले ते अठराव्या कलमाशी.

ते कलम म्हणजे या करारातून कोण वगळला जाईल त्याची यादी. मसुद्यात होते : सशस्त्र संघर्षात 'सशस्त्र दलांची' कृत्ये या कराराखाली येणार नाहीत, ती युद्धाच्या कायद्याखाली येतील. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेने दुरुस्ती दिली : 'सशस्त्र दलांची' हा शब्द काढा, 'पक्षांची' म्हणा, आणि परकीय ताब्याखालच्या प्रदेशांतले संघर्षही त्यात धरा. एक शब्द! पण पहिल्या शब्दाने मुख्यतः सैन्य बाहेर राहते, दुसऱ्याने सैन्याशी लढणाराही बाहेर राहतो. त्याच कलमात पुढे : राज्याच्या लष्कराची शांततेच्या काळातली कामे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या 'अखत्यारीत' असतील तर ती वगळावीत, हा एक पाठ, ती त्या कायद्याला 'धरून' असतील तरच वगळावीत, हा दुसरा. अखत्यारीत असणे आणि धरून असणे यांत केवढे अंतर आहे हे ज्याने कधी शिस्तभंगाच्या चौकशीत काम केले त्याला सांगावे लागत नाही. चौकशी साहेबांच्या अखत्यारीत असतेच. नियमाला धरून असेल तर देव पावला.

आमचे मत विचाराल तर लष्कराच्या बाबतीत 'धरून' हा शब्द बरोबर आहे, आणि लढणाऱ्या पक्षांच्या बाबतीत त्या राष्ट्रांनी उघडलेले दार फार रुंद आहे. युद्धाच्या कायद्याची कवचे हवी असतील तर बाजारातल्या माणसाला मारू नका हे त्या कायद्याचे बंधनही घ्यावे लागते. नुसते कवच घेऊन बंधन टाकून देता येणार नाही.

आता एवढ्या दूरच्या गोष्टीत आमचा अनुभव सांगणे बरे दिसणार नाही, पण तो सांगितल्याशिवाय आम्हांला हे मत बनविण्याचा अधिकार कोठून आला ते आपल्याला कळणार नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप झाला, सत्तेचाळीस दिवस चालला. रात्री दोन वाजता तडजोड झाली. त्यात एक कलम होते : हिंसाचार करणारे वगळून सर्व कामगारांना कामावर परत घेण्यात येईल. आम्ही थकलो होतो, लोकांच्या घरी चुली पेटत नव्हत्या, आणि हिंसाचाराला कोण हरकत घेणार? सही केली. सकाळी फाटकावर चौदा नावांची यादी लागली. त्यांत घोषणा देणारा होता, ट्रकपुढे आडवा पडलेला होता, आणि साहेबांच्या मोटारीपुढे बसून राहिलेल्या कँटीनमधल्या एक बाई होत्या. हिंसाचार या शब्दाची व्याख्या आम्ही लिहून घेतली नव्हती, म्हणून ती मालकांनी लिहिली.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही पुष्कळ सभांतून सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही. चौदावा जो होता त्याने हजेरी कारकुनाच्या तोंडावर लोखंडी पट्टी मारली होती, आणि त्या कारकुनाचा एक डोळा गेला होता. हे आम्हांला ठाऊक होते. आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितले, हा वेगळा काढा, तेराजण महिन्याभरात सुटतील. आम्ही म्हटले, आमचा माणूस आहे, त्याला भाकरीसाठी हात उचलावा लागला, आणि आज एक सोडला तर उद्या तेरा सोडावे लागतील. अर्जात आम्ही चौदाही निर्दोष म्हणून लिहिले. एके दिवशी त्या कारकुनाची बायको कचेरीत आली. रडली-भेकली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, आमचे हे मालक होते का हो?" आम्ही तिला पाणी दिले, दुसरे काही देता आले नाही. खटला तीन वर्षे चालला. तेरा कामावर आले तोवर त्यांतले दोघे गावी निघून गेले होते.

म्हणून अठराव्या कलमाच्या दोन्ही बाजूंच्या मुत्सद्द्यांकडे आम्ही पाहतो तेव्हा आमचीच माणसे पाहिल्यासारखे वाटते. एका बाजूला, एक ढिला शब्द घालून चौदांना बाहेर ठेवू पाहणारे. दुसऱ्या बाजूला, चौदावा वेगळा काढायला तयार नसणारे.

हा घोळ चालू असतानाच ११ सप्टेंबर २००१ आला. न्यूयॉर्कच्या त्या दोन मनोऱ्यांच्या नंतर सुरक्षा समितीने २८ सप्टेंबरला १३७३ क्रमांकाचा ठराव केला. जगातल्या प्रत्येक राष्ट्राने दहशतवादाविरुद्ध कायदे करावेत, पैसा रोखावा, आणि नव्वद दिवसांत काय केले ते कळवावे. आणि दहशतवाद म्हणजे काय? ते ठरावात लिहिलेले नव्हते. म्हणजे सक्ती सगळ्यांवर आणि व्याख्या ज्याची त्याने करायची! आमच्या चौदांच्या कलमासारखेच, फक्त साऱ्या जगाला लागू.

राष्ट्रे कामाला लागली. कॅनडाने त्याच वर्षी बिल आणले. अत्यावश्यक सेवांत गंभीर व्यत्यय आणणे हेही काही अटींवर दहशतवादी कृत्यात धरले होते. मात्र 'कायदेशीर निदर्शने, मतभेद किंवा काम बंद ठेवणे' वगळले होते. दिसायला छान. पण तिथल्या कामगार संघटनांनी आणि इतरांनी 'कायदेशीर' या शब्दावर बोट ठेवले. नोटीस न देता झालेला संप बेकायदा असतो, म्हणून तो दहशतवाद काय? सरकारने तो शब्द काढला. युरोपच्या राष्ट्रांनी २००२ च्या जूनमध्ये आपली समान व्याख्या केली, तेव्हा प्रस्तावनेत लिहून ठेवावे लागले की, संपाचा हक्क आणि कामगार संघटना बांधण्याचा हक्क यांना यामुळे बाध येत नाही.

दक्षिण आफ्रिकेची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. गोऱ्यांच्या राजवटीत तिथे १९६७ सालचा दहशतवादाचा कायदा होता. एखाद्या उद्योगाला पंगू करणे, राज्यकारभाराची अडचण करणे, असेही हेतू त्यात घातले होते, आणि हेतू तसा नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे होते. याच कायद्याखाली अटकेत असताना १९७७ साली स्टीव्ह बिको मरण पावले. पुढे मंडेलांच्याच पक्षाचे सरकार नवे बिल घेऊन आले, तेव्हा त्याला अडविले कोणी? त्याच पक्षाची सोबत करणाऱ्या कामगार महासंघाने. २००४ च्या आरंभी त्यांनी सार्वत्रिक संपाची नोटीस दिली. बिल मागे नेऊन दुरुस्त झाले, त्याच्या नावातसुद्धा लोकशाहीच्या संरक्षणाची भर पडली, आणि मग ते मंजूर झाले. ज्यांनी तो शब्द अंगावर झेलला होता त्यांनाही सत्तेवर बसल्यावर तो थोडा सैल लिहावासा वाटला. आम्ही याला दुष्टपणा म्हणत नाही. खुर्चीवरून फाटकाकडे पाहिले की गर्दी जरा जास्तच दिसते.

आपल्याकडे १९८५ चा टाडा, २००२ चा पोटा, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ११३ वे कलम, या सर्वांत एक शब्दसमूह वाहात आला आहे : समाजजीवनाला आवश्यक असलेल्या पुरवठ्यात वा सेवांत व्यत्यय. हे खरे की तेवढ्याने गुन्हा होत नाही. देशाच्या एकतेला धोका पोहोचविण्याचा किंवा जनतेत दहशत बसविण्याचा हेतू लागतो. पण साधनांच्या यादीत बाँब, बंदुका, विषे यांच्यापाठोपाठ 'अन्य कोणत्याही प्रकारच्या साधनाने' असेही आता लिहिलेले आहे. मे १९७४ चा रेल्वे संप आठवून पाहा. वीस दिवस देशाच्या गाड्या अडल्या. यापेक्षा मोठा व्यत्यय कोणता? तेव्हाच्या सरकारने हजारो कामगारांना तुरुंगात घातले. घातले ते अंतर्गत सुरक्षेच्या आणि भारत संरक्षणाच्या कायद्यांखाली. हेतू काय होता ते ठरविणारा माणूस त्या दिवशी कोणत्या खुर्चीवर बसला आहे, यावर पुष्कळ अवलंबून राहते. म्हणून कॅनडासारखी संप वगळणारी एक ओळ आपल्या कायद्यात असावी, ही आमची मागणी आहे. त्या ओळीने बाजारात बाँब ठेवणारा एकही सुटणार नाही.

कोणी म्हणेल, मग व्याख्या नसलेलीच बरी. आम्हांला तसे वाटत नाही. व्याख्या नसली म्हणजे शब्द नाहीसा होत नाही. तो फक्त बलवानाच्या खिशात जातो. २००५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या साठाव्या वर्षी राष्ट्रप्रमुख जमले होते. दहशतवाद कोणीही, कुठेही, कशासाठीही केलेला असो, त्याचा धिक्कार, असे त्यांनी एकमुखाने लिहिले. मुद्दाम निरपराध माणसांना मारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, हे एक वाक्य त्यात घालावे अशी त्या वेळचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची खटपट होती. धिक्कार राहिला, ते वाक्य काही राहिले नाही. त्या कारकुनाच्या बायकोला जे कळत होते ते एवढेच होते.

भारताचा मसुदा अजून तिथेच आहे. आमसभेची कायद्याची समिती दर वर्षी न्यूयॉर्कला बसते, दहशतवादाचा विषय पुकारला जातो, प्रतिनिधी उठून बोलतात, भारताचा प्रतिनिधी कराराची आठवण करून देतो, बहुतेकजण करार व्हावा असे म्हणतात, आणि विषय पुढच्या अधिवेशनावर ठेवला जातो. टेबल अजून मोडलेले नाही, एवढे खरे. आमच्या धंद्यात आम्ही त्यालाही काही किंमत देतो.

घड्याळाकडे अध्यक्षांचे दोनदा लक्ष गेलेले आम्ही पाहिले आहे. आम्ही खाली बसतो.